फ्रीझर रूमच्या ड्रेन पाइपमधील हीटर वायर : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

कोल्हापुरात पाइपमधले पाणी गोठते, असे सांगितले तर ऐकणारा आधी आपल्याकडे आणि मग आभाळाकडे पाहतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणारी मंडळी कानटोपी घालतात हे खरे, पण तेवढ्या थंडीत नळाचे पाणी फार तर हाताला झोंबते. तरीही आमच्या शिरोलीच्या शेडमध्ये वर्षाचे बारा महिने, अगदी मे महिन्यातल्या भर दुपारीसुद्धा, सव्वा इंची पाइपमध्ये बर्फाचा दट्ट्या बसत असे. आम्ही आइस्क्रीम तयार करतो. तयार माल ज्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ठेवतो तिचे तापमान उणे २० अंश सेल्सिअस असते, आणि तो पाइप त्या खोलीचाच सांडपाण्याचा पाइप. या पाइपच्या आत घालून ठेवायची तीन मीटर लांबीची हीटर वायर आम्ही जून २०२४ मध्ये बसवली. तिने आता दोन पावसाळे पाहिले आहेत, मधल्या काळात एकदा ती बदलावीही लागली आहे, त्यामुळे तिच्याविषयी चार शब्द अधिकाराने लिहिता येतील असे वाटते.

उणे २० अंशांच्या खोलीतून पाणी येते कुठून, हा प्रश्न पहिल्यांदा मलाही पडला होता. उत्तर हवेत आहे. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते, तिच्यातील बाष्प छताजवळच्या कॉइलच्या (खोली गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्याच्या) पातळ पत्र्यांवर हिमाच्या रूपाने बसते आणि पत्र्यांमधल्या फटी हळूहळू बुजू लागतात. फटी बुजल्या की पंख्याची हवा अडते व खोली थंड होईनाशी होते. म्हणून दिवसातून काही वेळा गारवा थांबवून कॉइलमधले हीटर चालू करावे लागतात. त्यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. वितळलेले पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडते आणि ट्रेमधून पाइपने भिंतीबाहेर जाते. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला चार डीफ्रॉस्ट पुरतात, जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सहा लागतात, आणि त्या दिवसांत बाहेर ठेवलेली बादली रोज जवळजवळ भरते. पंचगंगेच्या काठच्या पावसाळी हवेत किती पाणी तरंगत असते, याचा हिशेब ज्याला हवा असेल त्याने ही बादली पाहावी.

हे पाणी ट्रेमधून निघते तेव्हा शून्याच्या थोडेच वर असते. पुढे त्याला उणे २० अंशांच्या हवेतून जवळजवळ सहा फूट जायचे असते. एक लिटर पाणी गोठायला त्यातून सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, त्यामुळे धो-धो वाहणारा पहिला लोंढा सहसा निसटून जातो. घात करतात ते शेवटचे थेंब. ट्रेच्या कडेने निथळणारे, पाइपच्या तळाशी पातळ पापुद्रा होऊन रेंगाळणारे पाणी तिथेच गोठते. पुढच्या डीफ्रॉस्टला त्यावर आणखी एक थर बसतो. मेणबत्ती करताना वात पुन्हा पुन्हा मेणात बुडवून जाड करतात, तसाच हा प्रकार, फक्त इथे थर बाहेरून आत वाढत जातो आणि आठवड्याभरात मधले भोक बंद होते. त्यानंतर ट्रे भरून वाहतो, फरशीवर बर्फाची टेकडी तयार होते, आणि तरीही दुर्लक्ष केले तर बर्फ ट्रेमधून वर चढत पंख्याच्या पात्यांना घासू लागतो. आमच्याकडे ही सर्व पायऱ्या चढून झाल्या होत्या.

खोली उभारून देणारी कंपनी बाहेरगावची. तिचे नाव घेत नाही, कारण काम सोडून बाकी व्यवहार चोख होता. तिने पीव्हीसीचा पाइप जवळजवळ आडवा टाकला होता, त्याचा यू-ट्रॅप, म्हणजे पाणी साचवून हवेची वाट अडवणारे यू आकाराचे वळण, खोलीच्या आतच ठेवला होता आणि पाइप तापवण्याची कसलीही सोय केली नव्हती. तक्रार केल्यावर फोनवरून सल्ला मिळाला की दर आठवड्याला ट्रेमध्ये गरम पाणी ओतावे. आम्ही ते इमानाने करत राहिलो. शिडीवर चढून, अंगात जाड जाकीट घालून, उकळत्या पाण्याची किटली उणे २० अंशांत रिकामी करणे हा उद्योग दिसायलाच इतका विनोदी होता की शेजारच्या फाउंड्रीतली मुले बघायला येत. एकदा आमचा एक कामगार फरशीवरच्या बर्फावरून घसरला आणि मनगट सुजवून बसला, तेव्हा विनोद संपला.

शिवाजी उद्यमनगरात शीतयंत्रांची कामे करणारे एक जुने मेकॅनिक आहेत. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी येऊन पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "मालक, रोग पायपात हाय आणि तुम्ही औषध फरशीला लावताय." पाइपच्या आत हीटर वायर घालावी, हा सल्ला त्यांचाच. मी मात्र आधी अर्धे शहाणपण केले. पाइपवर बाहेरून गुंडाळायची हीटर टेप आमच्या इलेक्ट्रिशियनकडे पडून होती. ती पीव्हीसी पाइपवर वेटोळे देऊन बसवली आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. प्लास्टिकमधून उष्णता फार सावकाश जाते. त्यामुळे टेपची बरीचशी ऊब खोलीतल्या हवेने खाल्ली, ती ऊब बाहेर काढायला कॉम्प्रेसरला जादा राबावे लागले, आणि पाइपच्या पोटातला बर्फ जागचा हलला नाही. उलट टेप जिथे घट्ट बसली होती तिथे पाइप मऊ पडून थोडा वाकला आणि आधीच नसलेला उतार उलट्या बाजूला गेला. तांब्याच्या किंवा स्टीलच्या पाइपवर बाहेरून गुंडाळलेली वायर चांगले काम देते, हे मी इतर ठिकाणी पाहिले आहे. प्लास्टिकवर तिच्या वाटेला जाऊ नये.

मग खरेदी. या वस्तूला दुकानात सर्रास "हीटर वायर" म्हणतात, पण त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि घोळ तिथेच होतो. पहिली म्हणजे आम्ही घेतलेली, ठरावीक शक्तीची सिलिकॉन रबरची वायर. दुसरी स्वनियंत्रित वायर. तिच्यात दोन तांब्याच्या तारांच्या मधे कार्बन मिसळलेले प्लास्टिक भरलेले असते. थंडी वाढली की ते आकसते, त्यातून वीज जास्त वाहते आणि उष्णता वाढते, तर गरम झाले की प्रवाह आपोआप घटतो. ही वायर हव्या त्या लांबीला कापता येते आणि स्वतःवरूनच ओलांडून गेली तरी जळत नाही. तिसरी म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या पाइपमध्ये घालायची वायर. तिच्यावर अन्नाच्या संपर्कात चालणाऱ्या प्लास्टिकचे आवरण असते आणि ती पाइपच्या टी-जोडातून ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसून पाणी गळू न देणारी जोडणी) लावून आत सरकवतात. कॅनडासारख्या देशांत विहिरीपासून घरापर्यंतचा पाइप गोठू नये म्हणून ती वापरतात. इंटरनेटवर शोधताना बहुतेक माहिती याच तिसऱ्या प्रकाराची सापडते आणि माणूस फसतो. मी एका संकेतस्थळावर अशी एक वायर टोपलीत टाकलीही होती. पैसे भरण्याआधी सहज बारीक अक्षरे वाचली तर ती १२० व्होल्टची निघाली. साधी रोधक तारेची (विजेला अडवून तापणाऱ्या तारेची) १२० व्होल्टची वायर आपल्या २३० व्होल्टवर लावली तर ती ठरल्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक शक्ती ओढते. पुढे काय होईल ते सांगायला नको. शिवाय पिण्याच्या पाण्यासाठीच्या वायरींची शक्ती सहसा मीटरला १० वॅटच्या आसपास असते. जमिनीखाली पुरलेल्या, पाण्याने सदैव भरलेल्या पाइपला ती पुरते, उणे २० अंशांच्या वाऱ्यात लटकणाऱ्या उघड्या पाइपला पुरत नाही.

शहरातल्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने रीळ पुढे ओढून विचारले, "किती मीटर कापून देऊ?" ती वायर स्वनियंत्रित नव्हती, साधी रोधक तारेची होती. तिथून मी तसाच परतलो. ठरावीक शक्तीच्या वायरीत कापाकापी का चालत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. आमच्या वायरीची शक्ती मीटरला ४० वॅट, लांबी तीन मीटर, म्हणजे एकूण १२० वॅट. हीच वायर अर्धी कापून टोक पुन्हा जोडले तर तिचा रोध निम्मा होतो, एकूण शक्ती दुप्पट म्हणजे २४० वॅट होते, आणि ती दीड मीटरमध्येच कोंडली गेल्याने मीटरला १६० वॅट पडतात. अशी वायर पाइप वितळवेल किंवा स्वतः जळेल. म्हणून ही वस्तू १, २, ३, ४ मीटर अशा तयार लांबीतच घ्यायची, आणि आपल्या पाइपचे माप आधी नीट काढून मगच मागवायची. शेवटी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून ती कुरिअरने आली. वाहतुकीसह १,६५० रुपये पडले.

वस्तू हातात आल्यावर प्रथमदर्शनी मत चांगले झाले. करंगळीपेक्षा बारीक, मऊ आणि उणे तापमानातही मऊच राहणारे सिलिकॉनचे आवरण, आत काचतंतूच्या गाभ्यावर गुंडाळलेली रोधक तार, आणि बाहेरून धातूची विणलेली जाळी, जी अर्थिंगला जोडायची असते. तार टोकापर्यंत जाऊन परत येते, त्यामुळे दोन्ही जोडण्या एकाच बाजूला मिळतात आणि दुसरे टोक बंद गोळीसारखे असते. पहिला एक मीटर तापत नाही. त्याला थंड शेपूट म्हणतात आणि तोच भाग जोडणीच्या डबीपर्यंत न्यायचा. पीव्हीसी आवरणाच्या स्वस्त वायरी थंडीत कडक होऊन तडकतात, ही भीती सिलिकॉनला नाही, आणि पाणी नसताना कोरडी तापली तरी सिलिकॉन टिकते. सोबत मात्र एकही कागद नव्हता. ना जोडणीचे चित्र, ना इशारा, ना वायरीचा रोध. पिशवीवर फक्त "३ मी." एवढेच पेनाने लिहिले होते.

बसवण्याचे काम मामांनी केले, आणि या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत मोलाचा भाग तोच होता. त्यांनी आधी जुना पाइपच काढून टाकला. उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडून स्टेनलेस स्टीलचा सव्वा इंची पाइप तयार करून घेतला, कारण वायर आत असली तरी तिची ऊब पाइपच्या सर्व भिंतींना मिळावी लागते. स्टील तांब्याइतके उष्णतावाहक नसले तरी प्लास्टिकच्या मानाने ते कितीतरी बरे. काटकोनी एल्बो त्यांनी एकही घातला नाही, वळण आले तिथे ४५ अंशांचे दोन तुकडे जोडले, म्हणजे पाणीही थबकत नाही आणि वायर ओढतानाही अडत नाही. उतार फुटाला एक इंच ठेवला. मी म्हणालो, एवढा कशाला, दिसायला वाकडे दिसते. त्यावर ते म्हणाले, "दिसायला वाकडं ऱ्हाऊ द्या, पाणी सरळ गेलं पायजे." यू-ट्रॅप खोलीबाहेर, उबदार शेडमध्ये नेला. ट्रॅप पूर्ण काढून टाकला असता तर पाइपमधूनच बाहेरची दमट हवा आत ओढली गेली असती आणि वायरीच्या कामावर पाणी पडले असते. आत ठेवला असता तर त्यात साचलेले पाणीच आधी गोठले असते. ट्रॅपच्या अलीकडे साफसफाईसाठी एक टी-जोड आणि झाकण दिले.

लांबीचा हिशेब असा बसला : ट्रेमध्ये तोंडाभोवती ८० सेंटिमीटरचा सैल फेरा, पाइपच्या आत भिंतीच्या १२० मिलिमीटर पफ पॅनेलसह (फोम भरलेल्या पत्र्याच्या भिंतीसह) १ मीटर ८० सेंटिमीटर, आणि भिंतीबाहेर ४० सेंटिमीटर. बरोबर तीन मीटर. ट्रेमधला फेरा अनावश्यक वाटतो, पण सर्वांत आधी बर्फ धरतो तो ट्रेच्या तोंडाशीच, आणि बाहेरच्या टोकाला वायर भिंतीपाशीच संपवली तर पॅनेलमधला पाइप गार राहून नेमका तिथे दट्ट्या बसतो. फेरा देताना वायर स्वतःला कुठेही शिवू नये, एवढी काळजी घ्यावी लागते, कारण दोन तापते भाग एकमेकांवर पडले की तिथली उष्णता निघून जायला वाट राहत नाही. ट्रेमध्ये ती ॲल्युमिनियमच्या लहान पट्ट्यांनी धरून ठेवली आहे. पाइपच्या तोंडाची कड कानशीने गुळगुळीत केली, तरीही पुरेशी केली नाही, हे पुढे कळले. शेवटी संपूर्ण पाइपवर काळ्या नायट्राइल फोमची नळी चढवली, म्हणजे आतली ऊब आतच राहते आणि कॉम्प्रेसरवर तिचा भार येत नाही.

ज्यांचा पाइप आधीच गोठलेला आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. वायर आत घातली की बर्फ आपोआप वितळेल, या आशेवर राहू नये. मुळात गोठलेल्या पाइपमध्ये ती जातच नाही. आणि गेली असती तरी हिशेब पाहा. सव्वा इंची पाइपमध्ये पावणेदोन मीटर बर्फ म्हणजे जवळपास दीड लिटर पाणी. तेवढे उणे २० वरून वितळवायला १२० वॅटला, एक थेंब ऊब वाया न जाता, सव्वा तासाहून अधिक वेळ लागेल, आणि प्रत्यक्षात ऊब वाया जातेच. ही वायर बर्फ फोडणारी नाही, बर्फ धरू न देणारी आहे. आम्ही खोली एक दिवस पूर्ण रिकामी करून, उबदार करून, मगच काम केले. माल त्या दिवशी ओळखीच्या एका व्यावसायिकाच्या फ्रीझरमध्ये ठेवला; त्याच्या उपकाराची फेड अजून कॉकटेल आइस्क्रीमने चालू आहे.

विजेच्या जोडणीत मात्र आमची पहिली चूक झाली, आणि ती मामांची नव्हे, माझी होती. वायर चोवीस तास चालू ठेवली तर रोज २.८८ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ८६ युनिट वीज लागते. बिल पाहून माझ्यातला हिशेबी माणूस जागा झाला आणि मी इलेक्ट्रिशियनला सांगून ती डीफ्रॉस्टच्या हीटरबरोबर समांतर जोडून घेतली, म्हणजे दिवसात चार वेळा अर्धा-अर्धा तासच चालेल. पंधरा दिवस सगळे झकास. तिसऱ्या आठवड्यात पॅनेलमधून पाइप जातो तिथे बर्फाची कडी दिसू लागली. कारण शोधायला फार डोके चालवावे लागले नाही : डीफ्रॉस्ट संपून हीटर बंद झाले तरी ट्रे पुढे बराच वेळ निथळत राहतो, आणि त्या निथळत्या थेंबांच्या वेळी आमची वायर गार पडलेली असे. म्हणजे ज्या शेवटच्या थेंबांसाठी तिला आणले, नेमके त्यांच्याच वेळी तिला सुट्टी दिली होती. तेव्हापासून ती चोवीस तास चालू आहे. डीफ्रॉस्टच्या आधी दहा मिनिटे सुरू होऊन नंतर तासभर चालणारा वेगळा टायमर लावता येतो आणि त्याने वीज बरीच वाचेल, पण टायमर बिघडला तर ते पुन्हा बर्फानेच कळेल. ८६ युनिटांचा आकडाही खालचा मानावा, कारण वायरीची काही ऊब खोलीत शिरतेच आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर जादा वीज घेतो. तरीही फरशीवरचा बर्फ, दार पुन्हा पुन्हा उघडणे आणि किटलीवाला कारभार यांच्या मानाने हा खर्च मला आता टोचत नाही.

जोडणी स्वतंत्र ६ अँपिअरच्या एमसीबीवर (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) आहे. पाण्यात बुडालेल्या, धातूच्या पाइपमध्ये पडलेल्या २३० व्होल्टच्या वायरीला ही दोन उपकरणे आणि चांगले अर्थिंग नसेल तर ती बसवूच नये. यात घासाघीस नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोलीकरांना वीज किती वेळ जाऊ शकते हे शिकवले आहे, म्हणून आमच्याकडे जनरेटर आहे. पण जनरेटरवर आधी फक्त कॉम्प्रेसर आणि दिवे घेतले होते. डीफ्रॉस्टच्या मध्येच वीज गेली आणि खोली जनरेटरवर थंड होऊ लागली, तर पाइपमधले अर्धवट पाणी गोठणार आणि वायर मुकाट पडून राहणार. ही वायरही जनरेटरच्या बाजूला घ्या, असे कोणी आपणहून सांगत नाही.

कामगिरीबद्दल तक्रार नाही. २०२४ च्या जुलैत खोलीचे दार मालाच्या चढ-उतारासाठी दिवसभर उघडझाप होत होते आणि सहाही डीफ्रॉस्टचे पाणी सुरुवातीच्या काही मिनिटांतच बाहेरच्या बादलीत पडू लागे. पूर्वी आठ-आठ दिवस त्या पाइपमधून थेंब येत नसे. व्होल्टेज कमी झाले की शक्ती घटते, हे लक्षात ठेवावे. २०० व्होल्टला आमच्या १२० वॅटच्या वायरीचे जेमतेम ९१ वॅट उरतात. तेवढ्यावरही आमचे काम भागले आहे, पण खोली उणे २५ अंशांची असेल किंवा पाइप लांब असेल, तर मीटरला ५० वॅटची वायर पाहावी असे माझे मत आहे.

खरी उणीव दुसरीच आहे : ही वायर मरते तेव्हा आवाज करत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सफाई करताना आमच्या एका मुलाने टी-जोडातून स्टीलची सळई घातली आणि वायर वर ढकलली गेली. पाइपच्या तोंडाच्या कडेवर सिलिकॉन घासून फाटले. पुढच्या डीफ्रॉस्टला पाणी आत गेले आणि आरसीसीबीने आपले काम चोख बजावून वीज तोडली. ती तुटली आहे हे तीन दिवस कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण बाकी खोली नेहमीसारखी चालू होती. चौथ्या दिवशी फरशीवर जुनी ओळखीची टेकडी उभी राहिली. आमची चूक निश्चित आहे, पण एवढ्या किमतीच्या वस्तूबरोबर एक लहानसा दिवा द्यायला काय हरकत होती, असे तेव्हा वाटले. मामांनी ते मत खोडून काढले : दिवा फक्त वीज येते आहे एवढेच सांगतो, वायर आतून तुटली असेल तरी तो पेटलेलाच राहतो. त्यांनी त्याऐवजी विजेच्या पॅनेलवर छोटा अँपिअर मीटर बसवला. वायर जिवंत असेल तर तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास दाखवतो, मेली तर शून्य. सकाळी शेड उघडणाऱ्याने बादलीबरोबर त्या काट्याकडेही पाहायचे, असा नियम झाला आहे. विक्रेत्याने हे दोन वाक्यांत लिहून दिले असते तर आमचा आठवड्याचा माल वाचला असता.

वायर बदलायला मात्र वीस मिनिटांच्या वर लागली नाहीत, आणि आत घालण्याच्या पद्धतीचा हाच मोठा फायदा मी मानतो. बाहेरून गुंडाळलेली असती तर फोम फाडा, पट्ट्या सोला, पुन्हा चढवा, असा अर्धा दिवस गेला असता. पाइपचा आतला मार्ग तिच्यामुळे थोडा अरुंद होतो आणि खोक्यांचा लगदा तिला चिकटतो, हा तोटा आहे. म्हणून दर दोन महिन्यांनी टी-जोड उघडून कोमट पाण्याने धुतो. सळईला आता शेडमध्ये प्रवेश नाही.

माझे हे कौतुक वाचून कोणी हीच वायर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये, एवढे सांगणे भाग आहे. आमच्या गावचा एक मुलगा लष्करात आहे आणि लडाखमध्ये नेमणुकीवर असताना तिथल्या गोठलेल्या नळांच्या गोष्टी सांगतो. त्याने उत्साहाने विचारले की ही वायर तिकडच्या पाइपमध्ये चालेल का. चालणार नाही. सांडपाण्यासाठीच्या वायरीचे आवरण पिण्याच्या पाण्याच्या कसोटीला उतरलेले असते असे नाही, आणि दाबाखालच्या भरलेल्या पाइपचे गणितच वेगळे असते : पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आमचा पाइप एका बाजूने उघडा असल्याने त्याला फुटायचे कारण नाही, तिकडचा पाइप मात्र उभा चिरतो. तिथे तिसऱ्या प्रकारचीच वायर, ग्लँडसह, आणि मधे कुठलाही व्हॉल्व्ह न ओलांडता बसवायला हवी.

कोल्हापूर आणि आसपास मिठाई, मटण, मासे, आइस्क्रीम यांसाठी ज्यांच्याकडे शून्याखालची खोली आहे त्यांनी ही वस्तू जरूर घ्यावी. शून्याच्या वरच्या, दूध-भाजीच्या खोलीला तिची गरज नसते. पैकीच्या पैकी गुण मी देत नाही, कारण सूचनापत्राशिवाय विजेची वस्तू पाण्यात घालायला लावणे हा हलगर्जीपणा आहे. दुसरी वायर घेताना मी दोन घेतल्या. बदली वायरीचा रोध मामांनी मल्टिमीटरने मोजला तो ४३८ ओम भरला. गणिताने तो ४४१ च्या जवळपास यायला हवा, म्हणजे वायर उत्तम आहे. आकडा कागदावर लिहून तो कागद त्यांनी वेटोळ्यावर चिकटवला आणि वेटोळे पॅनेलशेजारच्या खिळ्याला टांगले. आमचे हिशेबनीस ४३८ ही कोणाची तरी उधारी समजून आजवर दोनदा विचारून गेले आहेत.